लेस्बियन म्हणजे कुठल्या?

२००८ च्या उन्हाळ्यात अथेन्सच्या न्यायालयापुढे एक वेगळाच दावा आला. ग्रीसमधल्या लेस्बॉस बेटावरच्या तिघांनी देशातल्या समलिंगी व्यक्तींच्या एका संघटनेविरुद्ध तो लावला होता. संघटनेच्या नावात ‘लेस्बियन’ हा शब्द होता. या शब्दावर खरा हक्क आम्हा बेटकऱ्यांचा आहे, तेव्हा संघटनेला तो वापरायला मनाई करावी, अशी फिर्यादींची मागणी होती. त्यांचे म्हणणे मराठी माणसाला चटकन कळावे असे आहे. साताऱ्याचा तो सातारकर, नागपूरचा तो नागपूरकर. त्याच न्यायाने लेस्बॉसचा माणूस लेस्बियन. उद्या ‘नागपूरकरीण’ या शब्दाला जगभर दुसराच अर्थ चिकटला, तर नागपूरच्या बाईने आपले गाव कोणत्या तोंडाने सांगायचे? न्यायालयाने जुलैमध्ये दावा फेटाळला. बेटवासीयांची ओळख या शब्दाने ठरत नाही, म्हणून दुसऱ्याने तो वापरल्याने त्यांच्या हक्काला बाधा येत नाही, असा निकालाचा आशय होता. निकाल मला योग्य वाटतो, पण त्यामागचे कारण अपुरे वाटते. त्या शब्दाने बेटवासीयांची ओळख नक्कीच सांगितली जाते; अडीच हजारांहून अधिक वर्षे ती सांगितली जात आहे. माझ्या मते दावा टिकत नाही याचे कारण वेगळे आहे. शब्दाचे दोन्ही अर्थ त्याच बेटाच्या पोटातून आले आहेत, आणि दुसऱ्या अर्थाने तो वापरणाऱ्या स्त्रिया त्या वारशात परक्या नाहीत.

लेस्बॉस हे क्रीट आणि युबियानंतरचे ग्रीसचे तिसरे मोठे बेट. तुर्कस्तानचा किनारा तिथून नजरेच्या टप्प्यात दिसतो. क्षेत्रफळ सुमारे १,६३० चौरस किलोमीटर, ऑलिव्हच्या बागांनी भरलेले डोंगरउतार, राजधानीचे शहर मिटिलीनी. प्राचीन काळी ‘लेस्बियन’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा काय येई, हे त्याच्या आवडीनिवडीवर अवलंबून असे. खाण्यापिण्याची रसिकता असलेल्याला तिथली मद्ये आठवत, कारण त्यांची ख्याती सगळ्या ग्रीक मुलखात होती. संगीताच्या जाणकाराला टर्पँडर आठवे. हा गायक लेस्बॉसमधल्या अँटिसाचा, आणि ‘लेस्बियन गायकाच्या नंतर’ अशी म्हणच ग्रीकांत पडली होती, म्हणजे पहिला मान त्याचा, मग बाकीच्यांचा. होमरच्या ‘इलियड’मध्ये रुसलेल्या अकिलीसची समजूत घालायला अगामेम्नॉन ज्या भेटी देऊ करतो, त्यांत लेस्बॉसच्या सात स्त्रिया आहेत, हस्तकौशल्यात निपुण आणि रूपाने अद्वितीय. लुटीच्या वस्तूंबरोबर मोजल्या गेलेल्या त्या स्त्रिया आज वाचताना अंगावर काटा आणतात, पण बेटाच्या नावाशी स्त्रीसौंदर्याची सांगड किती जुनी आहे हे त्यातून कळते. अथेन्सच्या सुखात्मिकांत मात्र ‘लेस्बॉसकरांसारखे वागणे’ अशा अर्थाचे एक क्रियापदच तयार झाले होते. त्याचा रोख लैंगिक होता, आणि तोही पुरुषांशी केलेल्या क्रीडेकडे. म्हणजे बेटाच्या नावाला शृंगाराचा रंग आधुनिकांनी पहिल्यांदा दिला, ही समजूत चुकीची आहे. रंग होताच, फक्त आजचा नव्हता.

याच शब्दाचा सर्वांत सुंदर वापर ॲरिस्टॉटलने केला आहे. ‘निकोमाखियन एथिक्स’च्या पाचव्या भागात कायदा आणि न्यायबुद्धी यांचा फरक सांगताना तो लेस्बियन पट्टीचा दाखला देतो. लेस्बॉसचे गवंडी ओबडधोबड दगड एकमेकांत बसवताना शिसाची पट्टी वापरत. लाकडी किंवा लोखंडी पट्टी ताठ राहते, शिसाची पट्टी दगडाच्या अंगाप्रमाणे वाकते आणि त्याचा नेमका आकार पुढच्या दगडापर्यंत नेते. कायदा सर्वांसाठी एकच असतो, प्रकरणे मात्र दरवेळी वेगळी असतात. म्हणून न्यायाला अशा वाकणाऱ्या मापाची गरज लागते, असे त्याचे म्हणणे. ॲरिस्टॉटल स्वतः काही काळ लेस्बॉसवर राहिला होता आणि तिथल्या कलोनीच्या आखातातल्या जलचरांचा त्याने अभ्यास केला होता. सतराव्या शतकातल्या इंग्रजी लेखनात ‘लेस्बियन रूल’ हा प्रयोग सापडतो तो याच पट्टीचा. त्या काळच्या सुशिक्षित इंग्रजाला लेस्बियन म्हटल्यावर गवंड्याचे हत्यार आठवणे अगदी शक्य होते.

मग आजचा अर्थ आला कुठून? त्याचे उत्तर एका कवयित्रीपाशी जाऊन थांबते. सॅफो इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या उत्तरार्धात लेस्बॉसवर जन्मली. तिचे गाव कोणी एरेसॉस सांगतात, कोणी मिटिलीनी. तिच्या कवितांच्या हजारो ओळींपैकी आज जेमतेम साडेसहाशेच उरल्या आहेत, त्याही बहुतेक तुटक, पपायरसाच्या चिंध्यांतून आणि नंतरच्या व्याकरणकारांच्या अवतरणांतून वेचलेल्या. संपूर्ण अशी एकच कविता हाती आहे, आफ्रोडाइटी देवीला केलेली विनवणी. पण या तुकड्यांतही एका स्त्रीला दुसऱ्या स्त्रीविषयी जाणवलेली ओढ इतकी उघड आणि इतकी शारीरिक आहे, की कान गुणगुणणे, जीभ लुळी पडणे, अंगातून घाम फुटणे ही प्रेमाची लक्षणे पुढच्या सगळ्या युरोपीय प्रेमकवितेने तिच्याकडून उचलली. रोमन कवी कॅटलसने आपल्या प्रेयसीला टोपणनाव दिले ते ‘लेस्बिया’, सॅफोला वंदन म्हणून. ती प्रेयसी पुरुषाची होती, आणि त्या नावात कोणालाही वावगे दिसले नाही.

दाव्यातल्या मंडळींचा एक आक्षेप इथेच होता, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. सॅफो समलिंगी नव्हतीच, ती गृहिणी होती, तिला मूल होते, आणि एका पुरुषासाठी तिने जीव दिला, असे ते म्हणत. मुलीचा उल्लेख तिच्या कवितेत आहे हे खरे. तिचे नाव क्लेइस. पण नवऱ्याचे जे नाव परंपरेने सांगितले जाते ते सुखात्मिकाकारांनी रचलेला अश्लील श्लेष असावा, असे बहुतेक अभ्यासकांना वाटते. फाओन नावाच्या नावाड्याच्या प्रेमात पडून तिने ल्यूकसच्या कड्यावरून उडी घेतली, ही कथाही तिच्यानंतर काही शतकांनी प्रचारात आली, आणि ओव्हिडच्या नावावर असलेल्या एका काव्यपत्राने ती अजरामर झाली. सॅफोने कोणावर कसे प्रेम केले हे आजच्या शब्दात बसवता येणार नाही, कारण माणसांना अशा खणांत घालण्याची तिच्या काळची रीतच वेगळी होती. तरीही कवितेतला पुरावा एका बाजूला आणि मरणोत्तर रचलेली दंतकथा दुसऱ्या बाजूला ठेवली, तर पारडे कुठे झुकते याबद्दल संशय राहत नाही. शिवाय स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांचा लेस्बॉसशी संबंध आधुनिकांनी जुळवला असेही नाही. दुसऱ्या शतकातल्या लुशियनच्या एका संवादात अशा स्त्रिया लेस्बॉसमध्ये असल्याचा उल्लेख येतो.

तरी आजचा अर्थ घट्ट झाला तो एकोणिसाव्या शतकात, आणि तो घट्ट करणारे हात स्त्रियांचे नव्हते. फ्रेंच कवी बोदलेअरने आपल्या कवितासंग्रहाचे नाव आधी ‘लेस्बियन स्त्रिया’ असे जाहीर केले होते. १८५७ मध्ये तो संग्रह ‘पापाची फुले’ या अर्थाच्या नावाने आला आणि त्यावर खटला होऊन सहा कवितांवर बंदी आली. त्यांतल्या एकीचे नावच ‘लेस्बॉस’ होते. फ्रान्समध्ये ती बंदी उठायला १९४९ साल उजाडले. कवीनंतर डॉक्टर आले. क्राफ्ट-एबिंगसारख्या मनोविकारतज्ज्ञांच्या ग्रंथांत ‘लेस्बियन प्रेम’ हे विकृतीच्या यादीत जाऊन बसले. ज्या स्त्रियांना हे नाव दिले गेले, त्यांना ते उच्चारायचीही भीती वाटे. १९५५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अशा स्त्रियांची संघटना निघाली तेव्हा तिचे नाव ‘बिलिटिसच्या मुली’ ठेवण्यात आले. बिलिटिस हे पिएर लुईस या फ्रेंच लेखकाने १८९४ च्या पुस्तकात रंगवलेले काल्पनिक पात्र, सॅफोची समकालीन, काही काळ लेस्बॉसवर राहिलेली. ज्याला कळायचे त्याला कळावे, बाकीच्यांना तो एखादा महिला काव्यमंडळाचा प्रकार वाटावा, हा हेतू. १९७० च्या दशकात मात्र स्त्रियांनी तोच बदनाम शब्द उचलून कपाळी लावला. आपल्यावर फेकलेला दगड हातात घेऊन त्याचीच पायरी करावी तसे ते होते. हा क्रम ध्यानात घेतला की २००८ चा दावा चुकीच्या माणसावर लावला गेला असे मी का म्हणतो ते कळेल. बेटाचे नाव ज्यांनी तुच्छतेने वापरले त्यांच्यावर फिर्याद झाली नाही, ज्यांनी त्यातली तुच्छता धुऊन काढली त्यांच्यावर झाली.

यावर दुसरा आक्षेप असा येईल की हेतू काहीही असो, नाव आधी कोणाचे होते? पहिला हक्क बेटाचा. पण शब्दांच्या बाबतीत पहिला हक्क कधी चालत नाही, आणि याचा पुरावा मराठी वाचकाच्या घरातच आहे, तोही ग्रीक बेटांकडूनच आलेला. लेस्बॉसच्या दक्षिणेला किऑस आणि सॅमॉस ही बेटे आहेत. ही बेटे आणि समोरच्या किनाऱ्यावरची शहरे मिळून आयोनियाची बारा नगरे होत. पूर्वेकडून येणाऱ्या इराण्यांची गाठ ग्रीकांपैकी पहिल्यांदा या आयोनियनांशी पडली, म्हणून त्यांनी सगळ्या ग्रीकांनाच ‘यौन’ म्हटले. सम्राट दारयवहूच्या बेहिस्तून शिलालेखात हे नाव आहे. तेच आपल्याकडे ‘यवन’ आणि ‘योन’ होऊन आले. अशोकाच्या तेराव्या शिलाशासनात योन राजा अंतियोक आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातले अनेक खांब धेनुकाकटाच्या यवनांनी दान दिले, जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे लेख आहेत, नाशिकच्या पांडवलेण्यांत धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त स्वतःला योनक म्हणवतो. ही माणसे वंशाने ग्रीक होती की ग्रीक वसाहतींतून आलेली इतर कोणी, यावर विद्वानांत वाद आहे, आणि तो वादच सांगतो की शब्द तेव्हाच आपल्या बेटापासून किती दूर आला होता. पुढे संस्कृत नाटकांत ‘यवनी’ या राजाच्या शस्त्रवाहक दासी झाल्या. मध्ययुगीन मराठी बखरींत ‘यवन’ म्हणजे मुसलमान. आणि अरबी-फारसीच्या वाटेने आलेला ‘युनानी’ आपण हकिमाच्या दवाखान्याच्या पाटीवर रोज वाचतो. सॅमॉसच्या मच्छीमाराला यातल्या एकाही वापराची परवानगी विचारली गेली नाही. उलट बाजूही तशीच आहे. सिंधूचे इराण्यांनी हिंदू केले, आणि ‘ह’ न उच्चारणाऱ्या आयोनियनांनी त्याचे ‘इंडॉस’ केले. आपल्या देशाचे इंग्रजी नाव त्या बेटकऱ्यांच्या जिभेचे देणे आहे.

कोणी म्हणेल, मग भौगोलिक मानांकनाचे काय? पैठणी कोणी कुठेही विणून पैठणी म्हणून विकू नये, यासाठी कायदा आहेच की. लेस्बॉसलाही तो लागू आहे. तिथले तेलात मुरवलेले ‘लादोतीरी’ चीज युरोपीय संघात संरक्षित आहे, तिथला ऊझोही आहे, आणि दोन्हींच्या नावात मिटिलीनी आहे. पण या कायद्याचा हेतू गिऱ्हाइकाची फसवणूक टाळणे हा आहे. एखादी स्त्री स्वतःला लेस्बियन म्हणते तेव्हा ती आपण लेस्बॉसमध्ये तयार झालो असे भासवून काही विकत नसते. कोणी फसत नाही, कोणाचा धंदा बुडत नाही. आणि खुद्द पैठणीच पाहा, तिची मोठी पेठ आज येवल्यात आहे. नाव पैठणचे, माग येवल्याचे, आणि दोघांचाही मान त्यात शाबूत आहे.

सगळ्यांत जड आक्षेप तर्काचा नाही, दुखऱ्या मनाचा आहे. परदेशी गेलेली लेस्बॉसची मुलगी आपण कुठल्या हे सांगते आणि समोरचे हसतात. हे हसू खरे आहे, आणि ते सोसणाऱ्याला शब्दांच्या इतिहासाने बरे वाटत नाही. पण ते हसू कशाला आहे ते पाहायला हवे. चिनीमातीच्या बरणीत लोणचे घातले म्हणून चिनी माणसाचा अपमान होत नाही. याउलट सोळाव्या शतकात भावमिश्राने ‘भावप्रकाश’ ग्रंथात उपदंशासारख्या रोगाला ‘फिरंगरोग’ म्हटले. तोच रोग इटालियनांनी फ्रेंचांच्या नावावर टाकला आणि फ्रेंचांनी नेपल्सच्या. इथे नाव लागणे ही शिवी आहे, कारण नाव लागले आहे ते रोगाला. लेस्बॉसच्या फिर्यादींनी आपल्या बेटाचे नाव फिरंगरोगाच्या रांगेत बसले असे मानले. दोन स्त्रियांचे प्रेम हा रोग असेल तरच हे दुःख टिकते. तो रोग नसेल, तर उरतो फक्त घोटाळा, आणि घोटाळा एका वाक्याने फिटतो. ग्रीसमध्येच फेब्रुवारी २०२४ मध्ये संसदेने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता दिली. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बहुसंख्या असलेल्या देशांत असे करणारा तो पहिला. त्याच्या सोळा वर्षे आधीचा तो दावा त्याच देशात आज लावला गेला असता का, याबद्दल मला शंका आहे.

ग्रीक न्यायालयांना अशी प्रकरणे नवी नव्हती. १९९८ मध्ये भाषातज्ज्ञ बाबिनिओतिस यांच्या नव्या ग्रीक शब्दकोशात ‘बल्गेरियन’ या शब्दाखाली एक जादा अर्थ दिला होता: थेसालोनिकीच्या फुटबॉल संघांचे पाठीराखे, शिवी म्हणून. शहरात संताप उसळला, खालच्या न्यायालयाने अर्थ काढून टाकायला सांगितले, पण देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. इथे शब्द खरोखरच अपमानासाठी वापरला जात होता, तरीही तो नोंदवण्याचे कोशकाराचे स्वातंत्र्य मान्य झाले. मग ज्या शब्दाने स्त्रिया स्वतःलाच हाक मारतात, तो बंद करण्याचा प्रश्न त्याहून कितीतरी हलका होता.

आणि भाषा स्वतःची सोय करून घेते, हेही ग्रीकमध्येच दिसते. आधुनिक ग्रीकमध्ये बेटाचा उच्चार ‘लेझ्व्होस’ असा आहे. तिथल्या स्त्रीला ‘लेझ्व्हिया’ म्हणताना आघात पहिल्या अक्षरावर पडतो, समलिंगी स्त्रीसाठी तोच दुसऱ्यावर पडतो. रोजच्या बोलण्यात तर बेटालाच मिटिलीनी म्हणायची पद्धत आहे आणि तिथली माणसे स्वतःला मिटिलीनीकर म्हणवतात. ही सोय कोणा न्यायाधीशाने केलेली नाही. बेटाच्या पश्चिमेला, सॅफोचे गाव मानल्या गेलेल्या एरेसॉसखालच्या स्काला एरेसॉसच्या किनाऱ्यावर, १९७० च्या दशकापासून जगभरच्या स्त्रिया येत आहेत. त्यांच्यासाठी खोल्या भाड्याने देणारे आणि खानावळी चालवणारे लेस्बॉसचेच रहिवासी आहेत, आणि दोन्ही अर्थांच्या लेस्बियन एकाच बाकावर बसून जेवतात. २०१५ मध्ये सीरिया, अफगाणिस्तान आणि इतर देशांतून निघालेले जवळपास पाच लाख निर्वासित याच बेटाच्या किनाऱ्याला लागले, तेव्हा जगाच्या बातम्यांत त्या नावाला आणखी एक, फार वेदनेचा अर्थ आला. त्यानेही आधीचे पुसले गेले नाहीत.

मराठीत हा शब्द आला तो थेट दुसऱ्या अर्थाने. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ने १९८१ मध्ये स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री मराठी रंगभूमीवर आणली, तेव्हा तिच्यासाठी रोजच्या बोलण्यात मानाचा शब्द नव्हता. मुंबईत १९९५ मध्ये अशा स्त्रिया एकत्र आल्या तेव्हा त्यांनी गटाचे नाव ‘स्त्री संगम’ ठेवले. १९९८ च्या डिसेंबरात ‘फायर’ चित्रपटावरच्या हल्ल्यांविरुद्ध दिल्लीत निदर्शने झाली तेव्हा एका फलकावर ‘भारतीय आणि लेस्बियन’ या अर्थाचे शब्द झळकले. ज्यांना हे परक्याचे उसने वाटते त्यांनी युनानी वैद्यकाची आणि कार्ल्याच्या यवनांची आठवण ठेवावी. शब्द उसने घ्यायला आपण कधी लाजलो नाही. पण त्यामुळे मराठी भाषांतरकारापुढे एक अडचण उभी राहते. ग्रीक साहित्य वाचताना ‘लेस्बियन मद्य’, ‘लेस्बियन बोली’, ‘लेस्बियन पट्टी’ असे काही समोर आले आणि ते तसेच उतरवले, तर आजचा वाचक नक्की चुकेल. तिथे ‘लेस्बॉसचे मद्य’, ‘लेस्बॉसची पट्टी’ असे सरळ लिहावे. मराठीत षष्ठीचा प्रत्यय असताना अडायचे कारण नाही. बेटावरच्या माणसांना लेस्बॉसकर म्हणावे, हा ‘कर’ आपल्या भाषेत कोणत्याही गावाला लावता येतो. आणि एखादी स्त्री स्वतःबद्दल लेस्बियन हा शब्द वापरत असेल तर तो बदलू नये. तो तिने निवडला आहे, आणि ज्या कवयित्रीवरून तो आला तीही लेस्बॉसकरच होती.